सात आणि आठ नंबरच्या मागांचा अर्धा तास

आमच्या कारखान्यात पाळी बदलताना माग थांबवत नाहीत. सकाळी आठला रात्रपाळीचा विणकर बाजूला होतो, दिवसपाळीचा त्याच्या जागी उभा राहतो, आणि निघणारा माणूस जाण्याआधी कापडाच्या काठावर निळ्या खडूने एक रेघ ओढतो. रेघेपर्यंतचे टॉवेल त्याचे, पुढचे येणाऱ्याचे. कापडाचा रोल भरून उतरला की घडीच्या खोलीतल्या बायका रेघांमधले टॉवेल मोजतात आणि आकडा माझ्या टेबलावर येतो. मी तो रजिस्टरात लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या एकाच कारखान्यात मी चोवीस वर्षं हे काम करतो आहे. पगारपत्रकावर माझ्या पदाचं नाव दोनदा बदललं, काम तेच राहिलं.

आकडे लिहिण्याची सवय मला घरीही आहे. नळाला पाणी कुठल्या दिवशी आलं आणि किती वेळ टिकलं, हे मी कॅलेंडरवर लिहितो. सिलिंडर किती दिवस पुरलं, तेही लिहितो. बायको म्हणते, "लिहिल्यानं पाणी लवकर येतं का?" येत नाही. पण न लिहिलेल्या गोष्टीबद्दल मी खात्रीनं बोलू शकत नाही, आणि लिहिलेल्या गोष्टीबद्दल कुणी मला खोटं पाडलं तर मला रात्रभर झोप येत नाही. हा स्वभाव चांगला की वाईट, यावर मी कधी विचार केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी करावा लागला.

झालं असं की परदेशातल्या एका खरेदीदाराने मालकांकडे एक कागद मागितला. सूत आत आल्यापासून गठ्ठा बाहेर पडेपर्यंत तुमच्याकडे काय काय होतं, कोण करतं, किती वेळ लागतो आणि माल कुठे खराब होतो, हे सगळं त्यात हवं होतं. मालक वडिलांच्या माघारी धंदा सांभाळणारे, शिकलेले, वागायला सरळ. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "टॉवेल तयार होतो एवढं मला माहीत आहे. कसा होतो ते तुम्ही मला कागदावर द्या."

मला आनंद झाला. बावीस वर्षांत हे काम कुणी मागितलं नव्हतं. विचारलं असतं तर मी जागेवर बसून सांगितलं असतं की नऊ टप्पे आहेत. प्रत्यक्ष सुताच्या मागे मागे फिरलो तेव्हा सतरा भरले. उरलेले आठ कधी सुरू झाले, कुणी सुरू केले, हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हाच थोडं सावध व्हायला हवं होतं.

मी मोबाइलवर वेळ लावून मागांपाशी उभा राहू लागलो. आमचे चोवीस माग, एका विणकराकडे दोन. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस. आमचा जॉबर मोडनिंबकडचा आणि जिभेला हाड नसलेला. मला बघून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "सायब, कुनाचा मुहूर्त काढताय? पोरगी बघितली का न्हाय अजून?" मागांच्या आवाजातही विणकर हसायचे. मी लिहीत राहायचो.

पाळी बदलताना काय होतं हे बघायला मी एक आठवडा सकाळी सातलाच गेलो. एरवी मी नऊला येतो आणि सहाला जातो, त्यामुळे दोन्ही वेळचा पाळीबदल मी बावीस वर्षांत मोजून दहा-बारा वेळा पाहिला असेल. त्या आठवड्यात सात आणि आठ नंबरच्या मागांवर रात्रपाळीला मामा होते. त्यांना सगळे मामाच म्हणत, मीही म्हणत असे. वय साठीच्या आसपास, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातले, बाप-आजा हातमागावर बसलेले. साडेसात वाजले की मामा दोन्ही माग आळीपाळीने बंद करत. मग ते मागाच्या मागच्या बाजूला जात, खाली वाकत, काहीतरी हलवत, सुतातून झडलेल्या कापसाचा भुगा झाडत, तुटलेली टोकं बांधत. असं आठ वाजेपर्यंत. बाकीचे बावीस माग त्या वेळी धडधडत असत, कारण मजुरी टॉवेलांवर आहे आणि शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाला एखादा टॉवेल जास्त काढायचा असतो.

मी कागदावर लिहिलं: सात व आठ, माग बंद, रोज तीस मिनिटं. वाया गेलेला वेळ मी लाल शाईने लिहीत होतो. हाही लाल शाईने लिहिला.

मग मी जुनी रजिस्टरं काढली. अर्धा तास माग बंद ठेवूनही मामांचे आकडे कमी दिसत नव्हते, याचं मला नवल वाटलं. आणि आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर दुसरं नवल वाटलं. बाकीच्या विणकरांचा आकडा दोन मागांवर मिळून एका पाळीत कधी अडतीस, कधी पन्नास. वीज गेली की खाली, सणाच्या आदल्या दिवशी वर. सात-आठ नंबरवर मात्र मामा पंचेचाळीस आणि त्यांचा जोडीदार पंचेचाळीस. फरक पडला तर एकाचा. दोन वर्षांपासून असंच. त्यांचा जोडीदार, म्हणजे त्याच मागांवर दुसऱ्या पाळीला असणारा, तिशीतला मुसलमान विणकर, हाताने चपळ. तो दिवसपाळीला असला की शुक्रवारी दुपारी तासभर नमाजाला जायचा. त्या दिवशीही पंचेचाळीस.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी एका बैठकीत मीच सगळ्या विणकरांना म्हणालो होतो, "शिस्त कशाला म्हणतात ते सात-आठ नंबरकडे बघून शिका." तेव्हा सगळे खाली बघून हसले होते. मला वाटलं होतं, जळतात.

मी एक साधी युक्ती केली. दोन दिवस सकाळी आणि संध्याकाळी बरोबर आठ वाजता, माणूस जिथवर विणून थांबला तिथे काठावर पेन्सिलीने बारीक टिंब केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. रोल उतरल्यावर घडीच्या खोलीत मी स्वतः मोजलं. निळ्या रेघांमध्ये पंचेचाळीस आणि पंचेचाळीस. माझ्या टिंबांमध्ये मामांचे अडतीस आणि जोडीदाराचे बावन्न. म्हणजे तो निघताना रेघ आपल्या जागेवर ओढत नव्हता, सात टॉवेल मागे जाऊन ओढत होता.

गेटबाहेरच्या टपरीवर मी त्याला गाठलं. चहा त्याच्या हातात होता.

"तू खूण मागे करतोस," मी म्हणालो.

"कौन बोला?"

"कुणी नाही. मी मोजलं."

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "साहेब, दोघांचे मिळून किती?"

"नव्वद."

"तुमच्या रजिस्टरमधी किती?"

"नव्वद."

"फिर? एक टॉवेल भी चोरी का है क्या? कायकू खोदते?"

"माझ्या हातून खोटं लिहिलं जातंय."

तो हसला. "दो साल से लिखते. आज हात दुखा?"

मी टपरीवरून हललो नाही. तेव्हा त्याने आवाज उतरवला. "मामा की नजर गई, साहेब. काचबिंदू बोले डॉक्टर. समोरचं दिसतं, बाजू का नहीं दिखता. दो माग एक नजर में नहीं आते उनके. धागा तुटला तो गर्दन फिराके देखना पड़ता. आता माहीत झालं ना, आता गप बसा."

मामांची मान सतत इकडून तिकडे वळत असते हे मीही पाहिलं होतं. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली होती.

"पण तू सात टॉवेल रोज फुकट का देतोस? तुझी दोन मुलं आहेत."

"फुकट कौन बोला?" तो म्हणाला, पेला बादलीत टाकला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. मला ते आजही जसंच्या तसं आठवतं. त्याच्या मागे जाऊन मी विचारायला हवं होतं की फुकट नाही तर कशाच्या बदल्यात. मी विचारलं नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा अडतीस आणि बावन्न हे दोनच आकडे होते. उत्तर सापडलं असं मला वाटत होतं.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "नव्वद बरोबर आहेत ना? मग कुणाचं काय गेलं?"

"कागद खोटा ठरतो."

"कागदाला काय पोट आहे? त्या माणसाला आहे."

मी म्हणालो की आकडे लपवले आणि उद्या परदेशी खरेदीदाराने मोजले तर मालक तोंडघशी पडतील. ते खरंच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मी शोधून काढलेली गोष्ट मला कागदावर हवी होती.

कागद पूर्ण झाला. कुणाला काढा असं मी कुठेही लिहिलं नाही, तशी शिफारस करणं माझं कामही नव्हतं. मी फक्त सात व आठ नंबरसमोर बावन्न, अडतीस आणि लाल शाईत तीस मिनिटं लिहिली. मालकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"रोज अर्धा तास माग बंद? आणि वर अडतीस?"

मी डोळ्यांचं सांगितलं. मालकांचा चेहरा उतरला. "मग त्यांना मागावर ठेवणंच धोक्याचं आहे. हात गेला तर? घडीला घ्या."

"जुना माणूस आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच घडीला घ्या म्हणतो. काढा म्हणालो का?"

त्यात चूक काढता येत नव्हती. आजही येत नाही.

घडीच्या खोलीत टॉवेल पसरून डाग, तुटका धागा, वाकडी किनार शोधायची असते. ते सगळं नजरेचं काम. मामा एक टॉवेल उचलत, समोर धरत, मान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत. तेवढ्यात शेजारची बाई सहा टॉवेल बघून टाकी. मामांनी बघितलेले टॉवेल बायका त्यांच्या पाठीमागे पुन्हा बघत. मामांना ते दिसत नव्हतं, पण कळत होतं. बाराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती.

"सायेब, उद्यापासून येत न्हाय मी," ते म्हणाले. "बायांना डबल काम पडतंय."

"मामा, मी खरं तेच लिहिलं."

"व्हय की. तुमी दुसरं काय लिवनार?"

एवढंच. रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या जागी नवा विणकर आला. तरणा, नजर चांगली. माझा हिशेब सोपा होता: बावन्न आणि बावन्न, एकशेचार. तो मी मालकांना लिहूनही दिला होता. पहिल्या आठवड्यात रोजचे चौऱ्याऐंशी आले. नवा माणूस आहे, हात बसेल, असं मी म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात त्र्याऐंशी. आणि जुना जोडीदार, ज्याच्या नावावर मी बावन्न मांडले होते, त्याचे त्रेचाळीस. मी पुन्हा पेन्सिलीची टिंबं करून पाहिली. आता रेघ जागेवर होती. त्रेचाळीसच होते.

त्याहून वाईट म्हणजे कापड बिघडू लागलं. टॉवेलावर धाग्याचे जे बारीक लूप असतात, ते रोलच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटाकडे बसके, जणू कुणी इस्त्री फिरवली. परदेशी पाठवायच्या नमुन्यातले सत्तर टॉवेल बाजूला काढावे लागले. जॉबरने दोन वेळा माग उघडला. "मागात कायबी न्हाय सायब," तो म्हणाला. "माणसातच काय असंल तर बघा." त्याचा रोख माझ्याकडे होता की विणकराकडे, मी विचारलं नाही.

शेवटी मी जोडीदारापाशी गेलो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हणालो, "तुझा आकडा का पडला ते सांग. लिहिणार नाही."

त्याने माग बंद केला, माझं मनगट धरलं आणि मला मागच्या बाजूला नेलं. तिथे मागाला लूपच्या सुताचा मोठा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला लाकडी ओंडक्याएवढा रूळ, लावलेला असतो. त्याच्या कडेच्या चाकाला दोरीचा वेढा आणि दोरीला लोखंडी वजनं टांगलेली. या वजनांनी सूत ताणलेलं राहतं. बावीस वर्षांत मी त्या वजनांवरून हजार वेळा गेलो असेन.

"बीम पतला होता ना साहेब, विणत जाता तैसा तैसा? मग वजन उतारना पड़ता. नहीं उतारा तो धागा तंग, तुटतो. लूप बसतो. मामा रोज उतारते थे. हात लगाके. मेरी पाळी सुरू होनेसे पहले दोनों माग एकदम तयार. मेरे को बारा घंटे धागाच नहीं टूटता था. तब्बी बावन्न निकलते थे."

"तोच अर्धा तास?"

"हौ. तोच."

"मग तू का नाही उतरवत?"

"मेरे को आता," तो म्हणाला, "तो मैं सात टॉवेल कायकू देता?"

त्याने माग चालू केला आणि मला पाठ केली. मी तिथेच उभा राहिलो. ते बावन्न त्याचे नव्हते आणि ते अडतीस मामांचे नव्हते. दोघांनी मिळून नव्वद काढले होते, आणि त्याची वाटणी त्यांनी बरोबर निम्मी केली होती. माझं रजिस्टर दोन वर्षं खरं होतं. मी मोजून ते खोटं केलं. आणि सगळ्या कारखान्यात जो अर्धा तास सर्वांत कामाचा होता, तो मी लाल शाईत घातला होता.

मी नवा कागद केला. मालकांपुढे ठेवला आणि चूक माझी आहे असं सांगितलं. मामांना सगळ्या चोवीस मागांची वजनं बघायला परत घ्यावं, त्या कामाला नजर लागत नाही, हात लागतो, असंही सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकलं.

"इतकं महत्त्वाचं काम, आणि तुमच्या रजिस्टरात एकदाही आलं नाही?"

"नाही."

"मग हा माणूस उद्या आजारी पडला तर आपण पुन्हा इथेच. आधी ते काय करतात हे लिहून काढा. किती वजन, केव्हा उतरवतात. त्यांना बोलवा चार-पाच दिवस. मग ठेवायचं का ते बघू."

पूर्व भागातलं त्यांचं घर मी पहिल्यांदा पाहिलं. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत त्यांची बायको आणि सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मामा भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या बाजूला उभा होतो तोवर त्यांना मी आल्याचं कळलं नाही. समोर जाऊन बसलो तेव्हा म्हणाले, "सायेब? बसा की."

मी सगळं सांगितलं. वजनांचं, त्र्याऐंशीचं, सत्तर टॉवेलांचं. त्यांच्या बायकोचा हात विड्यांवर चालूच होता. ती मध्येच म्हणाली, "डोळं गेलं तवा तुमचा कागद लई बोलला की. आता का गप झाला?"

मामा तिला तेलुगूत काहीतरी बोलले. ती गप्प झाली, पण माझ्याकडे बघायची थांबली नाही.

"किती दिवस यायचं?" मामांनी विचारलं.

"चार-पाच. मग मालक ठरवतील."

"ठरवतील," ते म्हणाले आणि पायाने चपला चाचपू लागले.

मालक काय म्हणाले ते मी त्यांना शब्दशः सांगितलं होतं. पण त्याचा अर्थ काय होऊ शकतो, तो सांगितला नाही. एखादं काम पूर्ण कागदावर उतरलं की ते करणारा माणूस लागत नाही, हे बावीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. मला ते माहीत होतं. मामांनाही माहीत असावं, असं मला आता वाटतं.

चार दिवस आम्ही दोघे मागांच्या मागे बसलो. मामा ताणलेल्या सुतावर तळवा ठेवत, डोळे मिटत. जोडीदार रात्रपाळी संपवूनही तासभर थांबायचा, वजनं उचलून द्यायचा. "एक काड," मामा म्हणत. "अजून अर्धं. बास." त्यांनी बास म्हटलं की मी टेपने बीमचा घेर मोजायचो आणि उरलेली वजनं काट्यावर ठेवायचो. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की हे आकड्यात येणार नाही. दुसऱ्या दिवशी आकडे एका ओळीत पडू लागले. घेर इतका, वजन इतकं. भरल्या बीमला बारा किलो, मग अकरा, मग दहा. खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद होत होता. दुपारी मामा कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खायचे, एक तुकडा मला द्यायचे आणि म्हणायचे, "जमतंय का तुमचं गणित?" मी हो म्हणायचो.

चौथ्या दिवशी मी तक्ता त्यांना वाचून दाखवला. अकरा ओळी होत्या. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. नवव्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"ती परत वाचा."

"घेर अठरा इंच. वजन साडेचार किलो."

"चार."

"मामा, आपण मोजलं तेव्हा साडेचारच भरलं होतं."

"त्या दिवशी सकाळी पाऊस हुता. सूत जड हुतं. चार लिवा."

मी खोडून चार लिहिलं. जोडीदार त्यांच्याकडे बघत होता. तो एकदम म्हणाला, "मामा, कायकू बताते? रहने दो ना साडेचार!"

मामा हसले. "चुकीचं कसं ठिवू बे?"

तक्ता प्लास्टिकमध्ये घालून मागांच्या मागच्या भिंतीवर लावला. जॉबर रोज सकाळी टेप घेऊन फिरू लागला. सात-आठ नंबरवर पहिल्याच आठवड्यात एक्याण्णव आले, नंतर नव्वद, ब्याण्णव. बाकीच्या मागांवरही धागे कमी तुटू लागले. कापड सुधारलं. परदेशी खरेदीदाराला जो कागद गेला त्यात सतरांचे अठरा टप्पे झाले. मालक माझ्यावर खूश होते.

मामांचं विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "आता तक्ता आहे ना. जॉबर करतोय की."

"आपण त्यांना..."

"मी 'बघू' म्हणालो होतो. तुम्हीच सांगा, ठेवलं तर त्यांना काम काय देऊ?"

मालकांनी चार दिवसांच्या मजुरीवर स्वतःहून काही जास्त दिलं आणि पाकीट माझ्याकडेच सोपवलं. जोडीदार त्याच महिन्यात नोकरी सोडून भिवंडीला गेला. जाताना तो मला भेटला नाही.

मी पाकीट घेऊन पूर्व भागात गेलो. मामा त्याच जागी होते, सूप घेतलेली त्यांची बायको त्याच जागी. मी या वेळी आधीच समोर जाऊन बसलो. मालकांचा निरोप सांगितला. कुठलाही शब्द गाळला नाही.

मामांनी मान हलवली. मग विचारलं, "तक्ता सगळ्या मागांना लागतोय?"

"लागतोय. तीन नंबरला नाही. तिथं लूप अजून बसके येतात."

"येनारच. त्याच्या चाकाची खोबण झिजलीय, दोरी आत धरून ऱ्हाती. त्या मागाला समद्या ओळीत एक किलो कमी धरा."

मी खिशातून पेन काढलं. त्यांच्या बायकोचा हात सुपावर थांबला आणि ती माझ्या पेनाकडे बघू लागली. पाकीट अजून माझ्या दुसऱ्या हातात होतं. ते खाली ठेवून मी पाकिटाच्याच पाठीवर लिहिलं: तीन नंबर, एक किलो कमी. मग लक्षात आलं की पाकीट त्यांना द्यायचं आहे. मी त्यातले पैसे काढून त्यांच्या हातात दिले आणि रिकामं पाकीट खिशात घालून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती ओळ तक्त्याच्या खाली जोडली. तीन नंबरचा मागही तेव्हापासून ठीक चालतो.